पिवळं काढा

मिरजेत आमच्या डॉक्टरांना त्यांच्या नावानं फारसं कोणी ओळखत नसे. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला "पिवळं-काढा डॉक्टर" म्हटलं की तो पुढं काही न विचारता त्या जुन्या दुमजली इमारतीपाशी आणून सोडायचा. हृदयविकाराचा कुठलाही रुग्ण असो, त्याचं सगळं ऐकून झालं, छाती तपासून झाली, गोळ्या लिहून झाल्या, की डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून शेवटचं वाक्य बोलायचे, "अंडं खायचं तर पिवळं काढा." आधी मोठ्या रुग्णालयातली नोकरी आणि मग स्वतःचा दवाखाना धरून तीसेक वर्षं त्यांनी हे सांगितलं. सांगली-साताऱ्याच्या बाजूला एखाद्या धाब्यावर कोणी नुसतं पांढरं मागितलं, तर मालक विचारायचा, मिरजेला दाखवलंय व्हय?

मी त्यांच्याकडे आहारतज्ज्ञ म्हणून लागले ती माझी पहिलीच नोकरी. पहिल्या दिवशी छापील आहारतक्त्यांचा गठ्ठा घेऊन गेले होते. डॉक्टरांनी एक तक्ता वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं कुणाचा तरी रक्तदाब लिहून ठेवला. छापील तक्त्याप्रमाणे जेवणारा माणूस आपण आजवर पाहिलेला नाही, म्हणाले. मग मलाच समोर बसवलं आणि काय खातेस ते विचारलं. मी सकाळच्या चहापासून सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला.

"रोजचं नको. रोजचं माणूस खोटं सांगतो. कालचं सांग."

काल मी काय खाल्लं होतं ते आठवून सांगताना मला घाम फुटला. काल मी दुपारी जेवलेच नव्हते आणि संध्याकाळी चार बटाटेवडे खाल्ले होते. डॉक्टरांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि मला नोकरी दिली.

माणूस मोठा विचित्र होता. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. सकाळी अकराला ते दोन उकडलेली अंडी सोलायचे, पांढरं मिरपूड लावून खायचे आणि पिवळं वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून जिन्यातल्या मांजरीला द्यायचे. ती मांजर इतकी सुटली होती की जिना एका दमात चढायची नाही, मधल्या पायरीवर थांबायची. डॉक्टर रुग्णांना ती दाखवायचे. कुणाच्या घरी तपासायला गेले, तर रुग्णाच्या आधी स्वयंपाकघरात शिरायचे. तेलाचा डबा हलवून बघायचे, महिन्याला असे किती लागतात आणि जेवणारी तोंडं किती ते विचारायचे, तिथल्या तिथं भागाकार करायचे. त्या भागाकाराची गावोगाव धास्ती होती.

पण त्यांची एक सवय मला सुरुवातीपासून खटकायची. रुग्ण आला की ते विचारायचे, घरात रांधतं कोण? मग ती बाई, बायको असो, सून असो, आई असो, तिला पुढं बोलवायचे आणि रुग्णासमोर उभं करून झापायचे. चूक तिचीच असल्यासारखं. बाया मान खाली घालून ऐकायच्या आणि बरेचसे नवरे खाटेवर पडल्या पडल्या मान डोलवायचे. मी एकदा चाचरत विषय काढला. डॉक्टर म्हणाले, भीती घातल्याशिवाय स्वयंपाक बदलत नाही.

बदल झाला तो एका सोमवारी. मला नीट आठवतं, कारण तपासणी संपल्यावर कवठेमहांकाळकडचा एक मेंढपाळ जागचा हललाच नाही. तो त्या वाक्याची वाट बघत होता. शेवटी त्यानंच आठवण करून दिली, पिवळ्याचं ऱ्हायलं. डॉक्टर म्हणाले, "थांबा जरा. मला वाचू द्या."

पुढचा महिनाभर ते अंड्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दुपारी दवाखाना बंद असायचा तेव्हा संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसायचे. परदेशातल्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांमधून, खाण्यातलं कोलेस्टेरॉल रोज अमुक इतकंच असावं, ही जुनी मर्यादा काढून टाकल्याची बातमी तेव्हा आली होती. बाकीच्या डॉक्टरांनी ती वाचली आणि पान उलटलं. आमच्या डॉक्टरांना ते जमलं नाही. ते मागं मागं जात राहिले, ही मर्यादा मुळात कशावरून ठरली होती, ते शोधत.

महिन्यानंतर त्यांनी मला बोलावून समजावलं. म्हणाले, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयाला धोका, हे पूर्वीही खरं होतं, आजही खरं आहे. पण ताटातलं कोलेस्टेरॉल तसंच्या तसं रक्तात उतरत नाही. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांचं यकृत आपला हात आखडता घेतं. काहींचं नाही घेत. त्यापेक्षा लोणी-तूप, वनस्पती तूप, तेच ते तेल वापरून केलेलं तळण, यांनी जास्त बिघडतं. मधुमेह्यांच्या बाबतीत अंड्याचं अजून पक्कं ठरलेलं नाही. आणि थोड्या माणसांच्या तर रक्तातच जन्मापासून जास्त असतं, त्यांनी काहीही खाल्लं तरी.

हे सांगून झाल्यावर त्यांनी पुठ्ठा मागवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर त्यांच्या अक्षरातला फलक लागला. "गेली अनेक वर्षे मी सर्वांना अंड्यातील पिवळे काढायला सांगत आलो. ते जेवढ्या खात्रीने सांगितले तेवढी खात्री बाळगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पुष्कळांना दिवसाला एक अख्खे अंडे चालते. आपल्याला चालेल का, ते आत येऊन विचारावे. गोळ्या बंद करू नयेत."

मी तो फलक काढा म्हणून त्यांच्या मागे लागले. लोक हसतील, उद्या गोळ्यांवरचाही विश्वास उडेल, असं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हसू देत. हसायला तरी थांबून वाचतील."

लोक हसले. काही सोडूनही गेले. सांगलीचा एक बँकेतला अधिकारी मात्र पंधरा दिवसांनी मोठ्या खुशीत आला. दोन अंड्यांचं ऑम्लेट, बरोबर पाव-लोणी, वर कांदाभजी, असं त्याचं सुरू झालं होतं. डॉक्टरांनी त्याला उभ्या उभ्या सुनावलं की मी माफी अंड्याची मागितली आहे, भज्यांची नाही. तासगावकडचे एक म्हातारे, जुने पैलवान, त्यांना डॉक्टर स्वतः जाऊन भेटले. वीस वर्षं तुम्हाला उगीच पिवळं सोडायला लावलं, असं म्हणाले. पैलवानांनी हात जोडले आणि सांगितलं, "आवं, मी कवा सोडलंच न्हवतं." डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. परत येताना गाडीत पुनःपुन्हा आठवून हसत होते. मी त्यांना तेवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

डॉक्टर जाऊन आता दोन वर्षं होतील. लोक अजून मला विचारतात, हार्टनं गेले का? न्यूमोनियानं गेले. त्यांचं हृदय शेवटपर्यंत चांगलं चाललं होतं.

दवाखान्याच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. नोकरीच्या काळापासूनच्या त्यांच्या स्वतःच्या वह्या तिच्यात होत्या, प्रत्येक रुग्णाला एक-दोन पानं. फलक लावल्यावर त्यांनी ती ट्रंक खाली उतरवली आणि एकेक वही वाचायला घेतली. ज्या ज्या पानावर त्यांनी खाण्याला दोष दिला होता, त्या पानात कागदाची चिठ्ठी घालत गेले. एक पान त्यांनी माझ्यासमोर उघडं ठेवलं. पाटण खोऱ्यातला, अडतीस वर्षांचा एक जवान. सुट्टीवर घरी आलेला. छातीत कळ, कऱ्हाडहून मिरजेला हलवलं, तिसऱ्या दिवशी मृत्यू. खाली लिहिलं होतं, "आहार – तूप, अंडी भरपूर. पत्नीला समज दिली."

"समज दिली," डॉक्टर मोठ्यानं वाचून म्हणाले. "अडतीस वर्षांचा माणूस. मला काय समजलं होतं, ते तरी लिहायला पाहिजे होतं."

त्या वहीत गावाचं नाव होतं. पुढच्या रविवारी आम्ही निघालो. मलकापूरला चहा घेतला. कोयनानगरच्या अलीकडे रस्ता वळणं घेत चढायला लागला तसे ते मला म्हणाले, ती बाई मला हाकलून देईल, आणि तिनं तसं केलं तर तू मध्ये पडू नकोस.

घर सापडायला त्रास पडला नाही. घटनेला अठरा वर्षं झाली होती, तरी नवऱ्याला खाऊ घालून घालून मारलेली, अशी त्या बाईची ओळख होती. ज्यानं वाट दाखवली त्यानं सहज, वाईट हेतू न ठेवता, तसंच सांगितलं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि गाडीचा दरवाजा लावायला विसरले.

बाई पन्नाशीच्या आतबाहेर असतील. सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना लगेच ओळखलं. बसा म्हणाल्या, डॉक्टर बसले नाहीत. उभे राहूनच त्यांनी विचारलं, त्या दिवशी खाटेजवळ मी तुम्हाला काय बोललो, ते आठवतं का.

"तुमी म्हनला हुता, येवढं तूप मानसाला घालत्यात व्हय," बाई म्हणाल्या. "दीर हुतं तितं. त्यांनी ऐकलं."

डॉक्टर म्हणाले, "ते मी चुकीचं बोललो. तुमच्या तुपानं तो गेला, असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. तरी बोललो."

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. आत जाऊन पाणी घेऊन आल्या. नंतर हळूहळू, मी विचारत गेले तसं कळलं, की नवऱ्यामागं त्यांनी म्हैस विकली, कोंबड्या काढून टाकल्या. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या ताटात तेव्हापासून तूप पडलं नव्हतं, की घरात अंडं शिजलं नव्हतं. भाजी-भाकरी, ताक, तेही लोणी काढलेलं. सणाला पुरणपोळीसुद्धा कोरडी.

तेवढ्यात तो मुलगा आला. सत्तावीस वर्षांचा, वीजजोडणीची कंत्राटी कामं करणारा, सडपातळ. आमच्याकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर वाकून बूट काढत होता. डॉक्टर एकदम पुढं झाले आणि त्याला तसंच थांबायला सांगितलं. मग फरशीवर गुडघे टेकून त्याच्या टाचेमागची धोंडशीर दोन बोटांत धरून चाचपली. मीही वाकून बघितली. ती शीर माझ्या अंगठ्याएवढी जाड होती आणि तिच्यावर गाठी होत्या. दुसऱ्या पायालाही तशाच. मुलगा म्हणाला, बुटानं घासून झाल्यात, लय दिवस हायत.

डॉक्टरांनी बाईंकडे वळून विचारलं, ह्याच्या वडिलांनाही होत्या का.

"हुत्या की. मिल्ट्रीच्या बुटानं झाल्यात म्हनायचं."

डॉक्टर गुडघ्यांवरून उठलेच नाहीत. तिथंच मागं सरकून भिंतीला टेकून बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "तीन दिवस तो माझ्यासमोर होता. मी त्याच्या पायावरचं पांघरूण काढलं नाही."

मुलाचं रक्त त्यांनी स्वतः काढलं. मिरजेत प्रयोगशाळेतल्या माणसानं तो आकडा दोनदा तपासला, मशीन बिघडलंय समजून. अठरा वर्षं तुपाचा थेंब न खाल्लेल्या माणसाचं इतकं कोलेस्टेरॉल मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. बापाकडून रक्तात आलेलं, आणि तेच टाचेमागं साठून त्या गाठी झालेल्या. यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल पुरेसं उचलून घेताच येत नाही, असा तो जन्मजात दोष. आईनं अठरा वर्षं घातलेली सगळी पथ्यं त्याच्यापुढं तोकडी पडली होती, आणि बापाच्या सुट्टीतल्या तुपानं जे व्हायचं ते फार तर थोडं लवकर झालं असेल. डॉक्टरांनी हेही मोकळेपणानं मान्य केलं. तुपाचा काहीच संबंध नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी डॉक्टरांनी शेजारच्या घरातून थोरल्या दिरांनाही बोलावलं आणि त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. मुलाला गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील, वेळेवर घेतल्या तर तो म्हातारा होईल, आणि ह्या घराण्यात अजून कुणाकुणाला हे असेल, त्या सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. दीर म्हणाले, मग आमी येवढी वर्सं हिला बोललो ते? डॉक्टर म्हणाले, माझ्या शब्दावर बोललात. ते माझ्याकडे लावा. दीर उठून निघून गेले. रक्त द्यायला त्यांनी नकार दिला.

बाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता ह्याच्या ताटात तूप वाढू का?"

मला वाटलं, डॉक्टर हो म्हणतील. निदान थोडं, सणापुरतं, असं काही. इतक्या वर्षांनी त्या बाईनं तेवढंच मागितलं होतं. पण डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "नको. ह्याच्या रक्ताला ते सोसायचं नाही. पिवळंही ह्याला नकोच. बाकीच्यांना सांगतो ते ह्याला लागू नाही."

"म्हंजी वाढायचं न्हाईच."

"न्हाई," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून तिचाच शब्द आला.

"मग तुमी येवढ्या लांब दोनदा आला कशाला?"

"तुम्हाला वाटत होतं, तुम्ही त्याला मारलंत. तसं झालेलं नाही."

बाई खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "कळ यायच्या आदल्या दिवशी त्यांनी शिरा मागितला हुता. परत वाढ म्हनलं. मी वाढला. तेवढंच डोस्क्यात यायचं. परत कशाला वाढला."

डॉक्टर त्यांच्या समोर जमिनीवर बसले. "बरं केलंत," एवढंच म्हणाले. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी रांधणाऱ्या बाईला उभं करणं बंद केलं. आता ते आल्या माणसाला चपला काढायला सांगायचे. बसस्टॉपवर, बँकेच्या रांगेत, कुणाच्या बारशाला, जिथं जातील तिथं ते लोकांच्या टाचा बघत चालायचे. एकदोनदा त्यावरून भांडणं होता होता राहिली. आणि कुठलाही सल्ला लिहून दिला, की खाली तारीख घालून लिहायचे, "आज जेवढे माहीत आहे त्यावरून." पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मी असं नव्यानं डॉक्टर होताना बघितलं, आणि माझ्या कामातलं जे काही चांगलं आहे ते त्या दोन-तीन वर्षांत माझ्यात आलं.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी दवाखान्यासमोर जीप थांबली. त्यातून अकरा माणसं उतरली. सगळी एका भावकीतली, तीन गावांतली. पुरुष, दोन तरुण पोरी, कडेवर एक मूल, आणि सगळ्यांत शेवटी थोरले दीर. अकरांच्याही मागं, बाराव्या, त्या बाई. मी केसपेपर भरायला बसले. त्यात सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव लिहायची एक जागा होती. पहिल्या माणसाला विचारलं, बरोबर कोण? बाई म्हणाल्या, मी. दुसऱ्याला विचारलं. मी. तिसऱ्यापासून मी विचारायचं सोडलं आणि अकराही कागदांवर त्यांचं एकच नाव लिहिलं.

त्या अकरांतल्या चौघांचं रक्त तसंच निघालं. थोरल्या दिरांचंही. घाट चढताना त्यांची छाती भरून यायची, ते त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची पुढं शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. त्यांचा थोरला मुलगाही त्या चौघांत होता. तो आता चाळिशीच्या पुढं गेला आहे, गोळ्या घेतो आणि शेती बघतो.

त्या सकाळी सगळ्यांचं रक्त काढून झाल्यावर डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर बाकांपाशी आले. दिरांनी आपल्यासमोर साफ नाही म्हटलं होतं, मग ह्या सगळ्यांना काय सांगून आणलंत, असं त्यांनी बाईंना विचारलं.

"काय न्हाई," बाई म्हणाल्या. "घरोघर गेले. म्हनलं, उद्या तुमच्यातलं कोन गेलं, तर तुमच्या बायकांना बी माझ्यागत ऐकून घ्याया लागंल. उठा."

आणि जीपमध्ये सगळी माणसं चढली का, ते मोजायला त्या खाली गेल्या.